कर्नेल्याचे घर आणि सुभेदारांचे घर

(गृहोपासनेविषयी धडा)

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये १०:१-८ व २४-३५, अनुवाद ६:४-९.
धड्याचा विषय : घरातील नेमाची उपासना ही बापाने मुलांसाठी ठेवलेली खरी ठेव होय.



आपल्या मंडळीतील एखादा वडीलधारी मनुष्य प्रभूमध्ये निजला म्हणजे त्याच्या स्मरणार्थ जी उपासना होते तिच्यात चार शब्द बोलण्याचे काम पाळकाकडे येते. मुंबईच्या उपनगरांत, घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली ह्या भागांत, आपल्या खेड्यांतून पोटापाण्यासाठी येऊन राहिलेली पुष्कळ कुटुंबे आहेत. अशा घरी मजवर हा प्रसंग अनेकदा आला आहे. मृताविषयी घरची मंडळी जे सांगतात ते बहुधा एकाच धर्तीचे असते. ते भाविक होते. त्यांना गाण्याचा नाद होता. मुलाबाळांवर त्यांची माया होती. पलटणीत त्यांनी इतकी वर्षे इमानाने चाकरी केली. हे सर्व खरे असते. परंतु एकदा अशाच एका घरी उपासना आटोपल्यावर माझी दृष्टी कपाटावर ठेवलेल्या पेटीकडे गेली. तिच्यावर फडके घातले होते व फडक्यावर धूळ बसली होती. "बाबा वाजवीत असत," मुलगा म्हणाला. "आणि आता?" असे मी विचारले तेव्हा तो खाली पाहू लागला. मलाही पुढे बोलवेना. कारण लोकांच्या घरी प्रार्थना करीत हिंडताना माझ्या स्वतःच्या घरच्या सायंप्रार्थनेत किती संध्याकाळी खंड पडला, ह्याची मला आठवण झाली.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनात घोळत आहे. बापाच्या भक्तीपैकी आणि त्याच्या गाण्यापैकी मुलांपाशी काय उरते? आजच्या धड्यात आपण दोन घरांकडे पाहून ह्याचे उत्तर शोधू. पहिले घर शास्त्रातले आहे. दुसरे आपल्याच महाराष्ट्रातले, आणि त्याचा शेवटचा संसार मुंबईत परळ येथे झाला. दोन्ही घरांचे धनी शिपाईगडी होते. दोघेही आपल्या घराण्यासह देवाचे भय धरून राहणारे होते.

१. कैसरियातील शताधिपती

कर्नेल्य हा कैसरिया येथे इटलिक नावाच्या पलटणीत शताधिपती होता. त्याच्याविषयी लूक चार गोष्टी सांगतो, त्या नीट ध्यानात घ्याव्या. तो भक्तिमान होता. तो एकटाच नव्हे, तर त्याचे सर्व घर देवाला भिऊन वागत असे. तो लोकांस पुष्कळ दानधर्म करी. आणि तो नित्य प्रार्थना करी. त्याला दर्शन झाले ते दिवसाच्या नवव्या तासाच्या सुमारास, म्हणजे तिसऱ्या प्रहरी. ती यहुदी लोकांच्या प्रार्थनेची ठरलेली वेळ होती. छावणीत राहणाऱ्या मनुष्याला वेळेचे महत्त्व कोणी शिकवावे लागत नाही. देवाच्या कामातही त्याने तीच शिस्त ठेवली.

पुढे पेत्र त्याच्या घरी आला तेव्हा कर्नेल्य एकटा त्याची वाट पाहत बसला नव्हता. त्याने आपले नातलग व जिवलग मित्र अगोदरच जमवून ठेवले होते (वचन २४). ज्या घरात रोज मंडळी एकत्र बसतात त्या घरालाच असे जमविता येते. ज्यांच्या घरी कोणी कधी एकत्र बसत नाही, त्यांच्याकडे प्रेषित आला तरी त्याला भिंतींपुढे बोलावे लागेल.

आणखी एक गोष्ट. हे सर्व लिहिले आहे तेव्हा कर्नेल्य ख्रिस्ती झालेला नव्हता व यहुदीही नव्हता. तरी त्याच्या प्रार्थना व त्याचे दानधर्म देवासमोर स्मरणार्थ पोहोचले होते. म्हणून आपल्या मंडळीबाहेरील मनुष्याच्या घरातून धडा घेण्यास आपण संकोच धरू नये.

२. सुभेदार रामजी सकपाळ

ते दुसरे घर सुभेदार रामजी मालोजी सकपाळ ह्यांचे. त्यांचे धाकटे चिरंजीव म्हणजे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. मुलाचे नाव ठाऊक नाही असे गाव महाराष्ट्रात सापडणार नाही. घाटकोपरच्या पूर्वेस रमाबाई आंबेडकर नगर म्हणून मोठी वस्ती आहे. तिला ज्यांचे नाव दिले आहे त्या रमाबाई ह्याच सुभेदारांच्या सूनबाई. परंतु ज्या घरात ही सून आली त्या घराच्या धन्याविषयी आपल्या लोकांस थोडकेच ठाऊक असते.

रामजींचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगडाजवळील आंबडवे. जात महार. त्यांचे वडील मालोजी हेही लष्करात होते. त्यांची पत्नी भीमाबाई ह्या ठाणे जिल्ह्यातील मुरबाडच्या. त्यांचे माहेरही लष्करी पेशाचे. त्या काळच्या देशी पलटणीत शिपायांस व त्यांच्या मुलांस लिहिणे-वाचणे शिकविण्याची व्यवस्था होती. गावात ज्याच्या सावलीचाही विटाळ मानीत, त्याच्या हाती छावणीत पाटी-पुस्तक येत असे. रामजी तेथे शिकले, पुढे शिक्षक झाले, आणि लष्करी शाळेचे मुख्याध्यापक म्हणून त्यांनी सुमारे चौदा वर्षे काम केले. इंदुराजवळ महू येथील छावणीत असता १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांना चौदावे अपत्य झाले, तेच भीमराव. चौदांपैकी पुष्कळ लेकरे लहानपणीच गेली. हे दुःख पोटात ठेवून ते गृहस्थ रोज देवापुढे बसत असत, हे विसरू नये.

१८९२ च्या सुमारास सरकारने महारांची सैन्यात भरती बंद केली. ज्या दाराने हा समाज पिढ्यान्‌पिढ्या थोडासा उजेडात येत होता ते दारच लागले. त्याविरुद्ध सरकारकडे अर्ज करण्याच्या खटपटीत रामजीही होते, असे त्यांच्या पुत्राचे चरित्रकार सांगतात. ह्याच सुमारास त्यांनी पेन्शन घेतली व कुटुंब दापोलीस आणले. तेथून ते साताऱ्यास नोकरीसाठी गेले. साताऱ्यास १८९६ साली भीमाबाई वारल्या. भीमराव तेव्हा पाच वर्षांचे होते. रामजींची बहीण मीराबाई हिने मुलांचा सांभाळ केला.

३. भजनाची वेळ

रामजी कबीरपंथी होते. कबीर हा जातीने विणकर, आणि भक्तीत उच्चनीच नाही असे सांगणारा संत. ह्या पंथाचे लोक मद्यमांसापासून दूर राहत, आणि रामजींनी तो नेम कडकपणे पाळला. छावणीत राहून हे व्रत पाळणे सोपे नव्हते, हे ज्यांनी छावणी पाहिली आहे त्यांस सांगावयास नको.

त्यांच्या घरी सकाळी व रात्री भजन होत असे. रामजींचा आवाज चांगला होता, आणि संतांची पदे, कबिराचे दोहे, तुकोबांचे अभंग, मुक्तेश्वर व मोरोपंत ह्यांची कविता त्यांस मुखोद्गत असे. रात्री ठरल्या वेळी सर्व मुलांनी हजर राहिलेच पाहिजे असा हुकूम होता. बहिणी गात तेव्हा घरात जे गंभीर व पवित्र वातावरण पसरे त्याची आठवण भीमराव मोठेपणीही सांगत असत.

गाण्याने काय साधले ह्याचा विचार करा. सहा वर्षांच्या पोराला शास्त्रार्थ समजत नाही, पण पद पाठ होते. पद पाठ झाले म्हणजे भाषा तोंडात बसते, जिभेला वळण लागते, आणि अर्थ मागाहून, दहा-वीस वर्षांनी, हळूच येऊन आपल्या जागी बसतो. पुढे ज्यांची वाणी व लेखणी हजारोंना हलवून गेली त्यांच्या भाषेची पहिली शाळा ही होती. शिवाय भजनात लहानथोर एकाच ओळीवर येतात. बाप गातो, मुलगी गाते, आत्या गाते. तेवढ्या वेळापुरता कोणी कोणाला हुकूम करीत नाही.

भजनानंतर वाचन होई. निजण्यापूर्वी रामायण-महाभारताचा काही भाग भीमराव व त्यांचे वडील बंधू ह्यांनी मोठ्याने वाचावयाचा, आणि बहिणींनी व जमलेल्या शेजाऱ्यांनी ऐकावयाचा, असा वर्षानुवर्षांचा परिपाठ होता. १९५६ साली आपल्या बुद्धविषयक ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत डॉ. आंबेडकरांनी ही हकीकत स्वतः नमूद केली आहे, आणि तिच्यातील पुढचा भाग प्रत्येक ख्रिस्ती बापाने वाचावा असा आहे. मुलाने एके दिवशी बापाला विचारले की, ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा व शूद्र-अस्पृश्यांची हीनता पुन्हा पुन्हा सांगितली आहे ते आम्ही का वाचावे? रामजींना प्रश्न रुचला नाही. त्यांनी मुलाला गप्प केले. काही काळाने मुलाने तोच प्रश्न पुन्हा केला. ह्या वेळी बापाने उत्तर तयार ठेवले होते! त्यांचा आशय असा की, आपण अस्पृश्य गणले गेलेलो. म्हणून तुमच्या मनात न्यूनपणाची भावना शिरण्याचे भय आहे. ती जावी म्हणून हे वाचावे. द्रोण व कर्ण लहान स्थितीतून किती वर चढले, आणि वाल्मीकि कोळी असून रामायणाचा कर्ता झाला, हे पाहावे.

मुलाचे ह्याने पूर्ण समाधान झाले नाही, हेही त्या प्रस्तावनेत मोकळेपणे लिहिले आहे. परंतु बाप पहिल्या दिवशी रागावला आणि पुढे विचार करून उत्तर घेऊन आला, ह्यातच त्या घराच्या उपासनेचे जिवंतपण दिसते. आपल्या घरी मुले प्रश्न विचारीत नाहीत म्हणून आपण सुखी असतो. ती विचारीत नाहीत ह्याचे कारण बहुधा हे की, त्यांचे लक्षच तेथे नसते.

४. दोषरहित घर नव्हे

स्मरण करावयाचे तर खरे करावे. पुत्राने पित्याच्या धर्माचरणातील विसंगतीही सांगितली आहे. कबीरपंथी म्हणून मूर्तिपूजा मानावयाची नाही, तरी मुलांसाठी म्हणून घरी गणपती बसवावयाचा. हे भीमरावांस आवडत नसे. बापाचा धाक मोठा होता. भीमाबाईंच्या मागे रामजींनी दुसरा विवाह केला, त्याने धाकट्या मुलाचे मन दुखावले. आणि एकदा तर घरातील साध्या चुकीने मुलांवर मोठे संकट आले.

ही गोष्ट १९०१ च्या सुमाराची. रामजी तेव्हा खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे खजिनदार होते. दुष्काळातील लोकांस काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलाव खोदण्यास घेतला होता. सुटीत मुलांनी तेथे यावे असे ठरले. भीमराव, त्यांचे बंधू व मृत बहिणीचे दोन मुलगे असे चौघे नवे कपडे घालून आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरले. त्यांनी पाठविलेले पत्र पोहोचले होते, पण नोकर ते रामजींस देण्यास विसरला. म्हणून न्यावयास कोणी आले नाही. मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. कोणी गाडीवान मिळेना. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर तयार झाला, पण गाडी मुलांनी हाकावयाची आणि त्याने पायी चालावयाचे, ह्या अटीवर! बरोबर आत्याने दिलेले अन्न होते, परंतु प्यावयास पाणी कोणी दिले नाही, म्हणून रात्रभर ती लेकरे उपाशी राहिली. दुसऱ्या दिवशी ती गोरेगावास पोहोचली. अस्पृश्य म्हणजे काय, हे त्या प्रवासाने आपणास जन्मभराचे शिकविले, असे डॉ. आंबेडकरांनी पुढे लिहून ठेवले.

वाचकहो, त्या रात्री भजनाचा काय उपयोग झाला, असे कोणी विचारील. तहान भजनाने भागली नाही. परंतु ज्या मुलाला जगाने त्या दिवशी 'तू हीन आहेस' असे सांगितले, त्याला त्याच्या घरी रोज रात्री 'देवापुढे कोणी हीन नाही' असे गाऊन सांगितले जात होते. दोन आवाज त्याच्या कानी होते. घरचा आवाज नसता तर बाहेरचा एकच आवाज उरला असता, आणि तो खरा वाटू लागला असता.

५. परळची खोली

१९०४ साली कुटुंब मुंबईस आले व परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. जागा लहान आणि तीत सर्व संसार. मुलाने अभ्यास करावा कोठे? रामजींनी त्यास रात्री लवकर निजवावे, आपण दोन वाजेपर्यंत जागे राहावे, मग त्याला उठवून दिव्यापाशी बसवावे व स्वतः निजावे, असा क्रम ठेवला. इंग्रजी व भाषांतर ते स्वतः शिकवीत. मुलाला पुस्तक हवे असे आणि पैसे नसत, तेव्हा हे वृद्ध सुभेदार आपल्या विवाहित मुलीकडे जात, तिचा दागिना मागून घेत, तो गहाण ठेवून पुस्तक आणीत, आणि पेन्शन मिळताच दागिना सोडवून परत देत.

मुलगा परीक्षा उतरला तेव्हा लोकांनी सत्कार करण्याचे ठरविले. रामजींनी प्रथम नकार दिला; पोराच्या डोक्यात वारे शिरेल, असे त्यांचे म्हणणे. श्री. कृष्णाजी अर्जुन केळुसकर ह्यांच्या आग्रहाने ते कबूल झाले, आणि त्या सभेत केळुसकरांनी मुलाला आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र भेट दिले. ते पुस्तक बापाच्या घरात बापाच्या संमतीने आले. त्यातून पुढे काय उगवणार आहे हे त्या वेळी कोणासही ठाऊक नव्हते.

१९१३ च्या आरंभी भीमराव बी. ए. होऊन बडोदे संस्थानच्या नोकरीत गेले. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परत येताना सुरत स्टेशनावर ते वडिलांसाठी मिठाई घेण्यास उतरले आणि गाडी सुटून गेली. दुसऱ्या दिवशी घरी पोहोचले तेव्हा पित्याचा श्वास मुलासाठीच अडल्यासारखा होता. त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि प्राण सोडला. तो दिवस २ फेब्रुवारी १९१३. त्याच वर्षी मुलगा अमेरिकेस, न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात, शिकावयास गेला. बापाने ते पाहिले नाही.

६. काय उरले?

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. मुलगा कबीरपंथी राहिला नाही. बापाच्या घरच्या पोथ्यांवर त्याने पुढे कठोर टीका केली. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे त्याने हिंदु धर्मात मरणार नाही असे जाहीर केले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बौद्ध धर्म स्वीकारला. तर मग बापाची भक्ती वाया गेली काय?

नाही. १९५४ साली डॉ. आंबेडकरांनी आपले तीन गुरू सांगितले : बुद्ध, कबीर व जोतिराव फुले. मधले नाव बापाच्या भजनातून आलेले आहे. दिव्याशी बसून वाचण्याची सवय दादरच्या 'राजगृहा'तील ग्रंथसंग्रहापर्यंत पोहोचली. मद्यापासून दूर राहणे टिकले. गाण्याची ओढही राहिली. उतारवयात ते व्हायोलिन शिकू लागले. मुख्य म्हणजे, जे मनुष्याला खाली दडपते ते देवाचे नव्हे, ही खात्री त्यांच्या हाडीमांसी राहिली. बापाने गाऊन जे दिले त्याच मापाने मुलाने सर्व धर्मांस मोजले, बापाच्या घरच्या आचारासही.

आणि त्याच मापाने आम्हांसही मोजले. हा भाग लिहिताना माझी लेखणी अडखळते, पण तो गाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. येवल्याच्या घोषणेनंतर पुष्कळ ख्रिस्ती लोकांस आशा वाटली होती. डॉ. आंबेडकरांस प्रभु येशूविषयी अनादर नव्हता. परंतु ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीविषयी त्यांनी जे लिहिले त्यात त्यांचे गाऱ्हाणे स्पष्ट आहे : देवळात येऊनही जात गेली नाही. ह्याला आपण काय उत्तर द्यावे? सोयरीक जमविताना आपल्यात अजून हळूच विचारतात, "मूळचे कोणते लोक?" मुलुंडच्या इमारतीतही विचारतात आणि खेड्यातल्या वाड्यातही विचारतात. ज्या तोंडाने रविवारी गीत गाइले त्याच तोंडाने सोमवारी हा प्रश्न निघतो, आणि मुले दोन्ही ऐकतात.

पेत्राची गोष्ट आठवा. तो यापो येथे कातडे कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी उतरला होता. आपल्या मराठी शास्त्रात त्याला चांभार म्हटले आहे. तेथून देवाने त्यास कर्नेल्याच्या घरी पाठविले. कर्नेल्य पाया पडला तेव्हा पेत्राने त्यास उठविले आणि आपणही मनुष्यच आहो असे सांगितले. मग त्याच्या घरी राहिला व जेवला, आणि त्याबद्दल त्याला यरुशलेमात जाब द्यावा लागला (अध्याय ११:३). कर्नेल्याची प्रार्थना देवापर्यंत पोहोचली ह्याची खूण अशी की, जो पाया पडला तो उठविला गेला व एका पंक्तीस बसविला गेला. ज्या उपासनेने कोणी उठत नाही ती देवापर्यंत पोहोचली किंवा नाही, ह्याचा आपण भय धरून विचार करावा.

७. आपण काय करावे?

आमची परिस्थिती निराळी आहे असे पुष्कळजण म्हणतील. उपनगरातील बाप पहाटे गाडी धरतो, रात्री नऊला घरी येतो, जागा एक खोलीची, मुले मोबाईलवर. परळची खोलीही एकच होती. म्हणून काही साध्या सूचना करतो.

पहिली : वेळ ठरवा आणि ती लहान ठेवा. पंधरा मिनिटे पुरेत. बाप घरी नसेल तर आईने चालवावी, आई कामावर असेल तर आजीने. तीमथ्याचा विश्वास आजी लोईस व आई युनीके ह्यांच्याकडून आला (२ तीमथ्य १:५).

दुसरी : गा. पेटी नसेल तर टाळ पुरे, टाळ नसेल तर हात आहेत. अभंग, भजन, कीर्तन हे आपल्या मातीचे धन आहे. रेव्ह. नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) तेच ख्रिस्तचरणी वाहिले व आपल्या मंडळ्यांस मराठी गाणे दिले. दर महिन्यास एक गीत सर्वांनी पाठ करावे, पुस्तक न उघडता.

तिसरी : वाचन मुलांकडून करवा, आणि शेजाऱ्यास दार उघडे ठेवा, मग तो कोणत्याही जातीचा वा धर्माचा असो.

चौथी : प्रश्न विचारू द्या. उत्तर येत नसेल तर "उद्या सांगतो" म्हणा, आणि खरोखरच उद्या सांगा.

पाचवी : गाइलेल्या गीताप्रमाणे घरातला एक तरी व्यवहार बदला. सोयरिकीचा तो प्रश्न आपल्या घरातून बंद करणे ही चांगली सुरुवात होईल.

मुले पुढे कोणत्या वाटेने जातील ते आपल्या हाती नाही. रामजींच्याही हाती नव्हते. रात्री ठरल्या वेळी बसणे, गाणे, वाचणे, आणि पहाटे दोनला उठविणे एवढेच त्यांच्या हाती होते, आणि ते त्यांनी केले. मीही ह्या आठवड्यापासून माझ्या घरी रात्री साडेनऊची वेळ ठरविली आहे. वाचकांनी माझ्यासाठी प्रार्थना करावी, कारण पाळकाच्या घरीही नेम मोडण्यास कारणे पुष्कळ सापडतात.

कुटुंबात विचारण्याचे प्रश्न

१. कर्नेल्याविषयी लूकाने सांगितलेल्या चार गोष्टी कोणत्या? त्यांपैकी आपल्या घरी कोणती उणी आहे?
२. मुलाने दुसऱ्यांदा प्रश्न विचारला तेव्हा सुभेदार रामजींनी काय केले? आपल्या मुलांनी अलीकडे देवाविषयी कोणता प्रश्न विचारला?
३. आपल्या आजोबा-आजींस पाठ असलेले कोणते गीत आज घरात कोणासही येत नाही? ते पुन्हा कसे शिकता येईल?
४. आपल्या उपासनेने आजवर कोण उठविला गेला?

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, ज्या वडिलांनी आम्हांस गावयास शिकविले त्यांच्याबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. आमच्या घरांतील बंद पडलेली वाद्ये व बंद पडलेली तोंडे तू उघड. आम्ही गातो तसे वागण्याचे धैर्य आम्हांस दे, म्हणजे आमची मुले आमचे गाणे ऐकून तुला ओळखतील व आमचे वागणे पाहून तुजपासून दूर जाणार नाहीत. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.